बोर्येच्या नावावरचा लांडगा

ग्रानोसेनमध्ये ऑक्टोबरात एल्क या थोराड हरणाची शिकार सुरू झाली की गावातली लाकडाची गिरणी आठवडाभर बंद असते. दंतवैद्यसुद्धा दाराला कुलूप लावून जंगलात असतो आणि दाढ दुखणारा माणूसही त्याच्या शेजारीच बंदूक घेऊन उभा असतो.

बोर्ये हॉगलुंड वर्षभर या गावात असून नसल्यासारखा राही. ओंडके वाहणारा ट्रक चालवायचा, संध्याकाळी घरी यायचा, बायको सिव्ह बोलेल ते ऐकायचा. लहानपणी तो तोतरा होता आणि चारचौघांत बोलायची वेळ आली की साठीतही त्याची जीभ अडायची. पण शिकारीच्या आठवड्यात सगळं उलटं व्हायचं. टोळीतली माणसं आपापल्या जागी रेडिओ कानाला लावून त्याच्याच आवाजाची वाट बघत बसायची, कारण कुत्री त्याची होती. तिचं नाव टुस्सा.

टुस्सा करड्या रंगाची, वळलेल्या शेपटीची. तिला मोकळं सोडलं की ती एकटी दूरवर जायची, एल्क शोधायची आणि त्याच्या तोंडासमोर उभी राहून एका सुरात भुंकायची. घोड्याहून उंच जनावर ते, कुत्र्याला घाबरून पळत नाही. मान खाली घालून, तिरस्काराने बघत उभं राहतं. तेवढ्यात बोर्ये वाऱ्याचा अंदाज घेत, शेवाळावरून पाय न वाजवता जवळ जायचा. रेडिओवर तो म्हणायचा, "धरलाय तिने. तळ्याच्या वरच्या अंगाला. कोणी हलू नका." रेडिओवर तो कधी अडखळला नाही.

लांडगे आले तेव्हा बोर्येला राग वगैरे आला नव्हता. त्याच्या आजोबांच्या काळात संपलेलं जनावर ते. नदीच्या बर्फावर पहिल्यांदा ठसे दिसले तेव्हा तो सिव्हला मुद्दाम दाखवायला घेऊन गेला होता. मग वर्षं गेली, कळप वाढले आणि शेजारच्या खोऱ्यातून बातम्या यायला लागल्या. कुणाचं कुत्रं गेलं, कुणाचं फक्त पट्ट्यासकट डोकं मिळालं. लांडग्याला आपल्या हद्दीत भुंकत फिरणारं कुत्रं म्हणजे घुसखोर लांडगाच वाटतो. एल्कही कमी झाले. शिकाऱ्यांच्या झोपडीत कॉफीबरोबर दुसरा विषय उरला नाही.

टोळीचा म्होरक्या रुने हा सिव्हचा थोरला भाऊ. आवाज मोठा, मन मोठं, आणि आपलं मन मोठं आहे हे त्याला पक्कं ठाऊक. बोर्येला टोळीत त्यानेच घेतलं होतं, ट्रकचं कामही त्यानेच मिळवून दिलं होतं.

त्या वर्षी शिकारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्येला चिखलाच्या वाटेवर ताजे ठसे दिसले. त्याने टुस्साचा दोर सोडला नाही.

"चारपाच तरी आहेत," तो म्हणाला. "आज नको."

"मग कधी?" रुने म्हणाला. "त्यांना पत्र पाठवून विचारायचं का, कधी सवड आहे?"

बाकीचे हसले. दंतवैद्य म्हणाला, "बोर्ये, कुत्रं सोडायचं नसेल तर आपण इथे मशरूम गोळा करायला आलोय का?"

"ठसे कालचे असतील," रुने म्हणाला. "आणि आज आपण भ्यालो ना, तर जंगल त्यांचंच झालं. सोड रे. माझ्या शब्दावर सोड."

बोर्येने दोर हातात धरून ठशांकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग त्याने सोडला.

टुस्साच्या गळ्यातल्या यंत्रावरून ती कुठे आहे ते त्याला हातातल्या पडद्यावर दिसत होतं. टेकडीपलीकडे तिने एल्क धरला, भुंकणं सुरू झालं आणि तो निघाला. अर्ध्या वाटेत भुंकण्याचा सूर बदलला. मग एकदाच एक किंकाळी आली आणि काहीच नाही. पडद्यावरचा ठिपका जागच्या जागी होता. बोर्ये ओरडत, हवेत गोळ्या झाडत पळाला, दोनदा पडला. तो पोचला तेव्हा ती जिवंत नव्हती. रुनेही धापा टाकत आला. त्याने अंगातला कोट काढला, टुस्साला त्यात गुंडाळलं आणि गाडीपर्यंत स्वतः उचलून आणलं. वाटभर तो रडत होता. बोर्येच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. आपण दोर का सोडला, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

हिवाळा संपत आला तेव्हा त्या कळपाची मादी नाहीशी झाली. तिच्या गळ्यात सरकारी लोकांनी माग ठेवण्यासाठी पट्टा बांधलेला होता. तो कापलेला पट्टा नदीत सापडला आणि काही दिवसांनी फांद्यांखाली पुरलेली मादीही सापडली. गोळी लागलेली. लांडगा मारणं म्हणजे तुरुंग. पोलीस सरळ बोर्येच्या दारात आले, कारण गावात त्याच्याइतकं मोठं कारण कोणाकडे नव्हतं.

चौकशीला आलेली बाई शांत होती. तिने बूट दाराशी काढून ठेवले, सिव्हने दिलेली कॉफी घेतली.

"तुझं कुत्रं मारलं गेलं," ती म्हणाली. "मीही कुत्री पाळते. मला समजतं."

"मी न-नाही मारली."

"मग कोणी मारली असेल असं वाटतं?"

बोर्ये म्हणाला, "माहीत नाही." तेव्हा ते खरं होतं. त्यांनी त्याच्या बंदुका नेल्या, फोन नेला, फ्रीझरमधलं मांस उलटंपालटं करून पाहिलं.

चार दिवसांनी रुने लाकडाच्या शेडमध्ये आला. बोर्ये सरपण रचत होता. रुनेने दार ओढून घेतलं.

"तुला त्रास होतोय, मला कळतंय," तो म्हणाला. "पण त्यांच्या हाती काही लागणार नाही. मी नीट केलंय सगळं."

बोर्येच्या हातातलं लाकूड हातातच राहिलं.

"तू?"

"टुस्सासाठी केलं. मी म्हणालो होतो ना, माझ्या शब्दावर सोड. मग ते माझ्याच अंगावर होतं."

"मी सांगितलं होतं तुला मारायला?"

"असं सांगावं लागतं का घरच्या माणसाला?" रुने खरंच दुखावला होता. "आभार मानून घ्यायला आलो नाही मी. तू फक्त गप्प राहा. गप्प राहणं तर तुला येतं."

तेव्हापासून बोर्येला सगळ्या बाजूंनी भिंती लागल्या. बोलावं तर सिव्हचा भाऊ तुरुंगात आणि या गावात राहणं अशक्य. न बोलावं तर मारणारा तो स्वतःच ठरणार. गावाने तर निकाल कधीच लावला होता. पेट्रोल पंपावर माणूस कॉफीचे पैसे घेईना. ज्या लोकांनी आयुष्यात त्याला हाक मारली नव्हती ते रस्त्यात थांबून पाठीवर थाप मारायचे, "आम्ही काही विचारत नाही हं," म्हणायचे आणि डोळा मिचकवायचे. शाळेतली बाई मात्र लांडगा मारणारा म्हणून त्याला पाहून रस्ता ओलांडायची. त्याला दोन्ही सारखंच लागायचं.

त्याची मुलगी मालिन कार्लस्टाडला परिचारिका होती. तिने फोनवर सरळ विचारलं, "बाबा, तू केलंस?"

"नाही."

"मग पोलीस तुझ्याच मागे का? कोणी केलं ते तुला माहीत आहे का?"

तो गप्प बसला आणि ती जे समजायचं ते समजली. त्या उन्हाळ्यात ती घरी आली नाही. कामाचं कारण सांगितलं.

शिकारीचा मोसम आला तेव्हा बोर्येकडे ना बंदूक होती ना कुत्रं. रुनेने त्याला रस्त्यावर गाड्या थांबवायला उभं केलं. पिवळं जाकीट घालून तो दिवसभर तिथे उभा असायचा. रेडिओ होता, पण बोलण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या टोळीतून उसनं आणलेलं एक कुत्रं जंगलात भुंकत होतं आणि तो कुठल्या तरी परक्याच्या आवाजात ऐकत होता, की एल्क कुठे धरलाय.

पानं गळून गेली तेव्हा पुराव्याअभावी चौकशी बंद झाली. बंदुका परत आल्या. टोळीचं वार्षिक जेवण योगायोगाने त्याच आठवड्यात गावच्या सभागृहात होतं. एल्कच्या मांसाचा रस्सा, बटाटे, लिंगनबेरीचा मुरंबा, आणि कडक दारूचे छोटे पेले. जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा रुने पेला घेऊन उभा राहिला.

"आपल्यात एक माणूस आहे," तो म्हणाला, "जो बोलत नाही. बाकी मी काही म्हणत नाही."

सगळे उठून उभे राहिले. टेबलं वाजायला लागली. "बोर्ये, बोल. आज तरी बोल."

बोर्ये उठला. खुर्चीची पाठ त्याने दोन्ही हातांनी धरली होती. त्याला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. रुनेचं नाव घ्यायचं नाही, आपल्यापुरतं खरं तेवढं सांगायचं.

"मी... मी ती मा-मारली नाही," तो म्हणाला. "ख-खरंच नाही मारली."

मग सभागृह हसण्याने भरून गेलं.

"कोर्टातही अगदी असंच सांग," दंतवैद्य डोळे पुसत म्हणाला. कोणी त्याच्या पेल्यात दारू ओतली, कोणी गळ्यात हात टाकला. सगळ्यांत मोठ्याने रुने हसत होता. बोर्ये खाली बसला. समोर रस्सा गार होत होता, तो त्याने खायला घेतला.

फक्त सिव्ह हसली नव्हती. ती भावाकडे बघत होती. तो जरा जास्तच वेळ हसला.

घरी जाताना गाडी तिने चालवली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "रुने?"

बोर्येने मान हलवली.

"मला सांगायला काय झालं होतं?"

"भाऊ आहे तुझा."

"आणि तू कोण आहेस?" ती म्हणाली.

नाताळात ते दरवर्षीसारखे रुनेकडेच जेवायला गेले. न जाण्याचं कारण काय सांगणार? मालिनही आली होती. जेवणाआधी स्वयंपाकघरात ती काचेचे पेले पुसत होती, बोर्ये बटाटे सोलत होता.

"आईशी बोलले मी," ती हळूच म्हणाली. "तू नाहीस एवढंच सांगितलं तिने. कोण ते नाही सांगितलं."

"बरं."

"मी यायला हवं होतं उन्हाळ्यात."

"आलीस ना आता."

तिने त्याच्या हातातून सुरी घेतली आणि उरलेले बटाटे स्वतः सोलायला घेतले. बोर्ये तिच्या शेजारी नुसताच उभा राहिला. कित्येक महिन्यांत त्याला इतकं मोकळं वाटलं नव्हतं. तेवढ्यात बैठकीच्या खोलीतून रुनेची हाक आली, सगळे बसलेत, लवकर या म्हणून. बोर्येची खुर्ची त्याने आपल्या शेजारीच मांडून ठेवली होती. बोर्ये जाऊन बसला. रुनेने हॅमचा सगळ्यांत जाड तुकडा कापला आणि स्वतःच्या हाताने त्याच्या ताटात वाढला.