लावणीला माणसं किती

मी शिकवते त्या समाजशास्त्राच्या यंदाच्या अभ्यासक्रमातून ‘समाज म्हणजे काय’ हा पहिला धडाच गेला. त्याच्या जागी आलाय ‘माणसांची ये-जा आणि नाती’. वाचता वाचता मला सोललेल्या वालाचा हिरवा वास आला.

एम.ए.ला असताना मी आणि माझी मैत्रीण सुनंदा कळंबजवळच्या एका वाडीत पाहणीला गेलो होतो. समाजाची व्याख्या मला तोंडपाठ होती. अंगणात वाल सोलणाऱ्या म्हातारीला मी विचारलं, “घरात माणसं किती?”

“आज किती का लावणीला किती, बाय? भाताच्या लावणीला शेजारची तीन घरं हितंच जेवतात.”

मी वैतागून फक्त घरचीच माणसं विचारून घेतली, तक्त्यात ‘चार’ लिहिलं आणि पुढच्या घरी गेले. सुनंदा मात्र वही मिटून तिच्याजवळ वाल सोलत बसली, ती थेट संध्याकाळी उठली.

‘घरं मोजू नका, कोण कुणाकडे जेवतं ते बघा,’ असं तिनं निबंधात लिहिलं. सरांनी तो वर्गात वाचून दाखवला, तेव्हा माझा नुसता जळफळाट झाला. तिला म्हातारी बोलकी भेटली, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले, आणि मुलांकडून व्याख्या पाठ करून घेत राहिले.

पण म्हातारीनं ते आधी मलाच सांगितलं होतं.