काळी तार, पांढरी तार

हार्लन टिबेट्सच्या नाकावर माशी बसलेली कुणी पाहिली नव्हती. उभा जन्म त्याने नेब्रास्कात मोटारी दुरुस्त करण्यात काढला. मग घर विकलं, बायकोला घेऊन गाडीमागे ओढायच्या ट्रेलरमध्ये राहायला आला आणि दर हिवाळ्यात ॲरिझोनाच्या वाळवंटात अशा ट्रेलरवाल्यांचा जो तळ पडे, त्याचा बॅटरीवाला होऊन बसला. तळावर ना विजेचा खांब, ना नळ. ज्याचा जनरेटर त्याची वीज, आणि ती बॅटरीत साठली नाही तर पहाटे हीटरचा पंखा बंद पडून म्हातारी माणसं कुडकुडायची. म्हणून कुणाची बॅटरी बसली की लोक हार्लनचं दार ठोठावत. तो आधी शिव्या घाली, मग काम करी. आभार मानलेले त्याला आवडत नसत, आणि न मानलेले तर मुळीच खपत नसत.

नव्या माणसाला पहिला धडा ठरलेला असे. "मोटारीत काळी तार उणे. ट्रेलरमध्ये काळी अधिक, पांढरी उणे. जन्मभर मोटारी हाताळलेलेच इथे येऊन गाढवपणा करतात. शिरलं डोक्यात?" नेड्राने, त्याच्या बायकोने, हा धडा इतक्या वेळा ऐकला होता की अंडी तळता तळता तिचे ओठ आपोआप हलत.

गेल्या दोन हिवाळ्यांत मात्र हार्लनच्या डोक्याला कुठेतरी गळती लागली होती. कॉफीचं भांडं चढवायचा आणि खाली गॅस पेटवायचा राहायचा. गावातून येताना वळण चुकायचा आणि रस्त्यालाच शिव्या द्यायचा. नेड्रा सगळं झाकून नेई. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ उघडली तर राहतं घर जाणार होतं. त्यांचा मुलगा क्रेग याने उन्हाळ्यातच फोनवर सांगून टाकलं होतं, "आई, बाबांना ट्रेलर एकट्याने सांभाळता येतोय तोवर खुशाल राहा. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी विकायचा. बाबांसाठी मी एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय. तू आमच्याकडे ये." म्हणजे एवढ्या वर्षांच्या संसाराची दोन ठिकाणी वाटणी. शिवाय तळावरची ग्लेंडा क्रेगच्या सासूची जुनी मैत्रीण. इथे कुणी शिंकलं तरी तिकडे कळायचं. क्रेग वाईट नव्हता हो. हिशेबी माणसं वाईट नसतातच, म्हणून तर त्यांच्याशी भांडता येत नाही.

जानेवारीत त्यांचा कन्व्हर्टर मरगळला. कन्व्हर्टर म्हणजे जनरेटरची वीज बॅटरीला पचेल अशी करून तिच्यात भरणारा डबा. दुपारभर जनरेटर भकभकला तरी बॅटरी अर्धपोटीच. हार्लनने मीटर लावला, आकडा पाहिला आणि वाळूत थुंकला. "ह्याच्यात दमच राहिला नाही. म्हातारा झाला की काढून फेकायचं, दुसरा उपाय नाही." त्याने नवा आणला आणि जुन्याच्या जागी बिनचूक बसवला. डोकं दगा देत होतं, पण हात अजून हुशार होते. नेड्राचा जीव भांड्यात पडला.

शेजारच्या ट्रेलरमधला रुबेन ओचोआ बॅटऱ्या उचलायला आला होता. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. त्याने बॅटऱ्या पुसून ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर ठेवल्या आणि हात धुवायला गेला. तारा हार्लनने जोडायला घेतल्या. नेड्रा पाना धरून शेजारी उभी होती. तिला दिसलं, काळी तार उण्याच्या खुणेकडे चालली होती.

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. महिन्यापूर्वी तिने अशीच एक चूक दाखवली होती, तेव्हा त्याने पाना भिरकावला होता आणि मग ट्रेलरमागे जाऊन रडला होता. भिरकावलेल्या पान्याचं तिला काही वाटलं नव्हतं. ते रडणं तिला पुन्हा ऐकायचं नव्हतं. आणि मनाशी म्हणाली, कळेल त्याला. हा धडा तो कसा विसरेल?

ठिणगी उडाली. आत फ्यूज उडाला. हार्लनने दुसरा घातला, तोही उडाला. "फ्यूजसुद्धा हल्ली फुसके करतात," असं म्हणत त्याने तिसऱ्या खेपेला चांगला जाडजूड, सहजी न उडणारा फ्यूज ठोकला, आणि नव्याकोऱ्या कन्व्हर्टरमधून धूर निघाला. रुबेन धावत आला. तारांकडे त्याने एकदा पाहिलं आणि झटक्यात त्या सोडवल्या.

दुपार कलली की सगळे आपापली खुर्ची घेऊन गोल करून बसत. त्या दिवशी ग्लेंडाने बसल्या बसल्या विचारलं, "काय हार्लन, मघाशी कसला धूर?"

"ह्या रुबेनला विचार! तारा उलट्या लावल्यान्. काळी दिसली की ठोक उण्याला! अरे, ही काय तुझी बस आहे?"

तो खोटं बोलत नव्हता. डोक्यात भोक पडलं होतं आणि हाताला लागेल त्याने ते बुजवलं होतं, एवढंच. दोघं-तिघं हसले. रुबेन हसला नाही. त्याने नेड्राकडे पाहिलं.

"काय गं, तू तर तिथेच होतीस," ग्लेंडा म्हणाली.

"होते ना," नेड्रा म्हणाली. "रुबेननेच लावल्या."

तळाचा रिवाज जुना होता. ज्याच्या हातून दुसऱ्याची वस्तू बिघडली, त्याने ती आणून द्यायची, स्वतः बसवून द्यायची आणि वाद घालायचा नाही. दुसऱ्या दिवशी रुबेन गावात जाऊन नवा कन्व्हर्टर घेऊन आला आणि गुडघे टेकून कामाला लागला. हार्लन त्याच्या डोक्याशी उभा.

"काळी अधिकला! डोळे फुटले का? हां, घट्ट कर."

"हो, हार्लन."

"कळत नसेल तर विचारावं माणसाने. लाज कसली त्यात?"

"बरोबर आहे तुमचं."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभाला आपण जळल्याची खबरसुद्धा नव्हती.

काम आटोपल्यावर नेड्रा कॉफीचा कप घेऊन रुबेनच्या मागे गेली. "रुबेन, माझं ऐकून तरी घे—"

"ऐकायचं काय त्यात? माझी आईही अशीच विसरत विसरत गेली. मी ओळखलं होतं मागेच." त्याने कप घेतला नाही. "तुम्ही आधी एका शब्दाने सांगितलं असतंत, तर चारचौघांत मीच म्हणालो असतो, माझी चूक. आनंदाने म्हणालो असतो. जे मी दिलं असतं, ते तुम्ही मला न विचारता घेतलंत."

ऊन उतरायच्या आत त्याने ट्रेलर गाडीला जोडला आणि तो निघून गेला.

दोन दिवसांनी क्रेगचा फोन आला. "ग्लेंडा सांगत होती, शेजाऱ्याने घोळ घातला आणि बाबांनी उभं राहून निस्तरून घेतला म्हणे?"

"हो. तुला माहीत आहे ना बाबांचा स्वभाव."

"मग ठीक आहेत की बाबा! राहा आता उन्हाळ्यापर्यंत."

नेड्राला आनंद झाला, आणि त्या आनंदाची तिला शिसारी आली. बाहेर जनरेटर चालू होता, बॅटऱ्या पोटभर भरत होत्या आणि रात्री हीटर बंद पडणार नव्हता. हवं होतं ते सगळं तिला मिळालं होतं.

दुपारी गोल जमला. हार्लनने आपली खुर्ची तिच्याशेजारी मांडली आणि इकडेतिकडे पाहिलं.

"रुबेन कुठाय?"

"गेला तो, हार्लन."

"गेला? मला न सांगता? एका हाकेला धावून यायचा बिचारा. ह्या तळावर माणूस म्हणावा असा तो एकच होता." त्याचा चेहरा खरोखर उतरला. "कुणाशी वाजलं का त्याचं?"

ग्लेंडा कान टवकारून बसली होती.

"माझ्याशी," नेड्रा म्हणाली. "नको ते बोलून गेले मी."

हार्लनने तिच्याकडे पाहिलं. एवढ्या स्वच्छ, एवढ्या ओळखीच्या नजरेने त्याने तिच्याकडे कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"तुझी जीभ, नेड्रा! असला माणूस तोडलास तू. लाज वाटायला हवी."

त्याने आपली खुर्ची उचलली आणि गोलाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन मांडली.