गुडघ्यावर हनुवटी

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी हॅम्बर्गला रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होते. एका रविवारी संग्रहालयात नायजेरियातल्या प्राचीन नोक संस्कृतीच्या मूर्ती बघायला गेले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या, भाजलेल्या मातीच्या. त्यांतली एक वीतभर मूर्ती बघून मी थबकलेच. एक गुडघा उभा, त्यावर हनुवटी टेकलेली. खाली पाटी होती, ‘शोकमग्न’. माहिती सांगणारे प्राध्यापक म्हणाले, माणूस इतका अवघडून फक्त दुःखातच बसतो.

मी म्हटलं, "हेर प्रोफेसर, यात अवघडण्यासारखं काय आहे? आमच्याकडे शेंगा सोलताना, गप्पा मारताना बायका अशाच बसतात."

ते नुसते हसले. लहान मुलाकडे बघून हसतात तसं. माझं डोकंच फिरलं. मी ओव्हरकोट काढला, निऱ्या सावरल्या आणि सगळ्यांसमोर त्या गुळगुळीत फरशीवर तश्शी बसले. वर्षभर खुर्च्यांवर आखडलेली कंबर सैल झाली. लोक एकदा मूर्तीकडे बघत, एकदा माझ्याकडे.

एका आजीबाईंनी वाकून हळूच विचारलं, "तुम्हाला कसलं दुःख झालंय का?"

"नाही हो, फार बरं वाटतंय."

सगळे हसले. प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला आणि मला विचारलं, "वजन कुठल्या पायावर देता?"

महिन्याभरानं पुन्हा गेले, तर पाटी बदललेली. ‘बसलेली व्यक्ती. अर्थ अज्ञात.’

अर्थ असेल बापडा अज्ञात. बसायचं कसं, ते आता हॅम्बर्गला ठाऊक होतं.