थंड चाक आणि करपलेलं खोबरं

इथले अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगायचं तर खाली खवचट प्रतिसाद देणाऱ्यांतली मी एक. "त्या रात्री जेवणात काय होतं?" असं विचारणारी मीच. मी ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. माहेर-सासर दोन्ही बौद्ध. आमच्याकडे अंगारा नाही, दृष्ट काढणं नाही, गाडीला लिंबू-मिरची तर नाहीच नाही. कुणी काही सांगितलं की "पुरावा काय?" असं विचारायचं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. त्यामुळे पुढचं लिहिताना जरा लाजच वाटतेय... पण घडलं ते घडलं.

आम्ही धायरीत राहतो. तिसरा मजला, खाली पार्किंग. घरात मी, आमचे हे आणि सासूबाई. सासूबाईंचं नाक म्हणजे एकेकाळी घरातली दहशत होती. जिन्यातूनच ओरडायच्या — "हिंग जास्त पडलाय गं!" काही वर्षांपूर्वी त्यांना मोठा ताप आला. त्यातून उठल्या, पण वास गेला तो गेलाच. एकदा दूध आटून पातेलं काळं झालं, तरी या शेजारीच बसून शेंगा सोलत होत्या. डॉक्टरांनी काय काय हुंगायला लावलं, उपयोग शून्य. त्या कधी रडल्या नाहीत. पण स्वयंपाकघरात येऊन "काय शिजतंय?" विचारणं बंद झालं, आणि ते मला फार लागायचं.

आमचे हे नुकतेच रिटायर झालेत. रिकामा वेळ आणि मोबाइलवरचे दुरुस्तीचे व्हिडिओ... पुढचं तुम्ही ओळखलं असेलच. गाडी डावीकडे ओढायला लागली आणि पुढचं डावं चाक तापायला लागलं. ब्रेकचा कॅलिपर चिकटतोय, हे यांनी बरोबर ओळखलं. कॅलिपर म्हणजे चाकाच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा भाग; ब्रेकवरचा पाय काढला की त्याने चिमटी सोडायची असते. ज्या दोन पिनांवर तो सरकतो, त्या कोरड्या पडल्या होत्या. यांनी पार्किंगमध्येच चाक काढलं, पिना घासूनपुसून चकचकीत केल्या, परत बसवल्या. गाडी सरळ धावायला लागली. "गॅरेजवाले लुटतात नुसते" — येईल त्या पाहुण्याला हेच. सासूबाई तेव्हा मांजरीला, धाकट्या दिरांकडे राहायला गेल्या होत्या. हे लक्षात ठेवा.

मग कडाक्याची थंडी पडली. आमच्या प्रज्ञाला, लेकीला, सातवा महिना होता. तिच्या सासरी माणगावला डोहाळजेवण ठरलं होतं. ती आमच्याकडे आली होती; तिला घेऊन ताम्हिणी घाटातून जायचं. आधी एकदा सगळं हातातोंडाशी येऊन गेलं होतं तिचं, म्हणून डॉक्टर "सावकाश जा, काही होत नाही" म्हणाले तरी माझा जीव टांगणीलाच लागलेला.

निघायच्या सकाळी मी लाडू डब्यात भरत होते. दिरांनी आदल्या दिवशी सासूबाईंना आणून सोडलं होतं. त्या नवी साडी नेसून खुर्चीत बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या,

"खोबरं करपतंय गं."

"काय?"

"खोबरं! गॅसवर बघ."

गॅस बंद होता. पण मला खोबऱ्याचं नाही, दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटलं. "आई... तुम्हाला वास येतोय?"

त्याही थांबल्या. हात नाकाशी गेला आणि डोळे भरून आले. "येतोय की गं!"

झालं, घरात दिवाळीच! प्रज्ञा नाचायचीच बाकी होती. तिने आजीच्या नाकाशी चहाची पावडर धरली, लसूण धरला, सेंटची बाटली धरली. कशाचाच वास नाही. फक्त करपलेलं खोबरं. आणि तो आम्हा तिघांपैकी कुणालाच येत नव्हता. मी मनात म्हटलं, असतो असा प्रकार, नाकाला होणारे भास, वैद्यकीय आहे. यांनी बॅगा उचलल्या.

सासूबाई तोवर दाराबाहेर. लिफ्टची वाट न बघता, ते दुखरे गुडघे घेऊन, कठडा धरून जिना उतरायला लागल्या. "खाली जास्त येतोय," म्हणाल्या. आम्ही मागोमाग. पार्किंगमध्ये एवढ्या गाड्या, त्यातून त्या नाक पुढे करत आमच्याच गाडीशी गेल्या, आणि पुढच्या डाव्या चाकापाशी वाकल्या.

"इथे."

गाडी आठवडाभर जागची हलली नव्हती. मी हात लावून बघितलं, चाक माठासारखं गार.

"आई, चला हो, उशीर होतोय," हे म्हणाले.

"मी बसणार नाही. पोरीलाही बसू देणार नाही." दाराला पाठ लावून उभ्याच राहिल्या. जाणारे-येणारे बघायला लागले.

शेवटी प्रज्ञा म्हणाली, "बाबा, एकदा बघून टाका ना. आजी काय ऐकत नाही."

यांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत जॅक लावला. चाक जमिनीवरून उचललं आणि फिरवायला गेले. फिरेना. दोन्ही हातांनी जोर लावला, तरी जागचं हलेना. यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. चाक काढलं. कॅलिपरची एक पिन हातोडीने ठोकावी लागली, तेव्हा कुठे बाहेर आली. तिच्यावरचं रबर फुगलेलं, आणि पिनेवर पांढरं, मेणासारखं काहीतरी थिजलेलं.

मी पिन नाकाशी नेली. अगदी टेकवली तेव्हा कुठे पुसट वास आला. खोबरेल.

"अहो, हे काय आहे?"

यांनी हातोडी खाली ठेवली.

"ग्रीसची पुडी सापडेना," हे म्हणाले. "मग म्हटलं..."

आमच्या घरात खोबरेल कशालाही चालतं. कुरकुरणारं दार, बॅगेची अडकलेली चेन, टाचेच्या भेगा. आता ब्रेक! थंडीत रोज सकाळी तेलाची बाटली उन्हात ठेवणाऱ्या माणसाला ते पिनेवर थिजेल हे कळू नये? वर त्या रबराला तेल चालत नाही, फुगतं. घाट उतरताना ते चाक तापत गेलं असतं, ब्रेकमधलं ऑइल उकळलं असतं, आणि ऐन वळणावर ब्रेक दाबला तर पाय नुसता खाली गेला असता. मी प्रज्ञाचा हात घट्ट धरून ठेवला.

तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. "गाडी घेतली तेव्हा नारळ फोडला नव्हतात ना तुम्ही?"

"नाही," मी म्हटलं, "थेट पिळून ब्रेकमध्ये घातला."

डोहाळजेवण एक दिवस पुढे ढकललं. नव्या पिना आणल्या, नवी रबरं आणली, ब्रेकचं खास ग्रीस आणलं, आणि मी स्वतः डोक्यावर उभी राहून बसवून घेतलं. सगळं झाल्यावर चाक बोटाने फिरलं. खुर्ची टाकून बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली.

"गेला," म्हणाल्या.

"काय गेलं?"

"वास."

दुसऱ्या दिवशी निघालो. घाट उतरल्यावर चहाला थांबलो, तेव्हा मी खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांशी हात नेला. सारखीच कोमट. हुश्श! माणगावला पोचल्यावर विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात मला जे रडू फुटलं... त्यांना वाटलं लेकीच्या कौतुकाने. मीही तेच सांगितलं.

आता प्रश्न. नाकाचे भास असतात, डॉक्टरही तेच म्हणाले. पण नेमका खोबऱ्याचाच भास? तिसऱ्या मजल्यावर? गार चाकाचा? खोबरेलाचं यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि सासूबाई तर तेव्हा मांजरीला. "मग हे कसं?" विचारलं तर डॉक्टर हसले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. मी माझ्याकडून प्रयोगही केला. पळीत खोबरेल घेऊन गॅसवर धूर निघेपर्यंत तापवलं. घर खोकलं, सासूबाई ढिम्म. त्या दिवसानंतर त्यांना आजवर कशाचाच वास आलेला नाही.

प्रज्ञाला मुलगी झाली, दोघी इथेच आहेत. आज सकाळी सासूबाई पाय पसरून बाळाला पायांवर घेऊन तेल लावत होत्या. टाळूवर खोबरेल थापलं. माझ्याच्याने राहवेना.

"आई, येतोय का हो वास?"

त्यांनी वाकून बाळाच्या डोक्याशी नाक नेलं. मोठा श्वास घेतला. "नाही."

मला इतकं वाईट वाटलं! तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तोंड कशाला पाडतेस? हिच्यासाठी यायचा तेव्हा आला ना? मग झालं तर. पाणी काढ, गार होईल पोर."

तेव्हा खवचट मंडळींनो, या. "पुरावा काय?" असंच विचारणार ना? पुरावा आत्ताच न्हाऊन झोपलाय. जरा हळू बोला.