आनंदराजची पावडर

माझा भाऊ आनंदराज नांदेडात एका जिममध्ये व्यायाम शिकवायचा. मी त्याची थोरली बहीण लुंबिनी, लोह्याजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. वर्गात ओरडून ओरडून माझा आवाज कायमचा चढलाय, तेव्हा हे सगळं कुणाला भांडल्यासारखं ऐकू आलं तर येऊ द्या. रडत सांगणं मला जमायचं न्हाई. आजकाल मला रडायलाच येत न्हाई.

आमचा बाप दारूत गेला. तेव्हा मी दहावीत होते, आनंदराज पाचवीत. पुढं आमच्या मायनं, सरजाबाईनं, शाळेतली खिचडी शिजवून आम्हाला वाढवलं. तिला एकच धास्ती होती, पोरगं बापाच्या वाटेनं जाऊ नये. दर पौर्णिमेला ती आम्हाला विहारात न्यायची. पंचशील म्हणताना पाचवं शील आलं, नशा न करण्याचं, की डोळे उघडून त्याच्याकडं बघायची. पोरगं सरळ निघालं. सुपारीचं खांड तोंडात टाकलं न्हाई कधी. व्यायामाचं मात्र लई याड. सकाळी सहा अंडी, दुपारी उकडलेली मटकी, आणि सांजच्याला आरशासमोर दंड फुगवून उभा. मी म्हणायची, अरे लग्न कर बाबा, तुझे दंड बघून आरसा कंटाळला. तो हसायचा. हसणं त्याचं छान होतं.

मग त्यानं क्रिएटिनची पावडर आणली. पांढरी, बिनवासाची, रोज चमचाभर पाण्यातून घ्यायची. वजन उचलायला जोर येतो म्हणे. गल्लीत तेव्हा जो तो सांगायचा की असल्या पावडरीनं किडनी जाते. कुणाचा भाचा गेला, कुणाचा मेव्हणा गेला. नाव विचारलं की कुणालाच ठाऊक न्हाई. मायला किडनीचं काही पडलं नव्हतं. तिचा हिशेब निराळाच होता. जे रोज मोजून घ्यावं लागतं, घेतलं न्हाई तर करमत न्हाई, ती नशाच. बाप बी अंगात जोर येतो म्हणूनच प्यायचा, असं ती म्हणाली. वर्षावास, पावसाळ्यातले व्रताचे तीन महिने, चालू होता. तिनं त्याला विहारात नेलं, बुद्धाच्या मूर्तीसमोर बसवलं आणि पावडर सोडल्याचं वदवून घेतलं. भंतेजींनाही साक्षीला ठेवलं. तिशीतला गडी, पण मायपुढं मान खाली घालून बोलला.

दोन-तीन महिने पाळलं असंल त्यानं. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले, गोधड्या काढायला माळ्यावर हात घातला, तर मागं डबा. नवा, अर्धा संपलेला. मी होता तिथं परत ठेवला. त्याला विचारलं न्हाई, मायला तर सांगायचा प्रश्नच नव्हता. म्हणलं, दारू तर पीत न्हाई ना मेला, घेऊ दे.

त्यानंतर वर्षभरानं मायचे पाय सुजले. मग तोंड सुजलं, मग चार पावलं चाललं तरी धाप. बीपी होतंच, त्याची गोळी ती आठवण आली तर घ्यायची. गुडघ्याच्या दुखण्याच्या गोळ्या मात्र मेडिकलमधून आणून वर्षानुवर्षं न चुकता घ्यायची, कुणाला न विचारता. नांदेडच्या किडनीच्या डॉक्टर, मालविका मॅडम, त्यांनी सगळे कागद बघितले आणि दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं सांगितलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. घरातल्या कुणी एक किडनी दिली तर बदलता येईल, म्हणाल्या. मला सहा वर्षांपासून शुगर, माझं नाव पहिल्याच दिवशी कटलं. आनंदराजचा रक्तगट जुळला. तो तिथंच बाही वर करून उभा राहिला, जणू आत्ताच काढणार होते. त्या दिवशी मला त्याचा लई अभिमान वाटला, हे सांगायलाच पायजे.

त्याची तपासणी होती तेव्हा आम्ही तिघं मॅडमच्या टेबलासमोर बसलो होतो. आधीची दुखणी, तंबाखू, दारू, गोळ्या, एकेक विचारून त्या लिहून घेत होत्या. त्याचे दंड बघून थांबल्या.

"व्यायाम दिसतोय चांगला. पावडर वगैरे काही घेता का?"

"न्हाई मॅडम. दूध, अंडी, मटकी."

"विहारात शब्द दिलाय त्यानं," माय म्हणाली. सुजलेल्या तोंडानं हसली ती.

मॅडमनी लिहून घेतलं. मी त्याच्या शेजारच्या खुर्चीत होते. भिंतीवर किडनीचं चित्र होतं, मी ते बघत बसले. तोंडातून एक शब्द काढला न्हाई. मायसमोर पोरगं खोटं पडलं असतं, आणि तिला पुन्हा बाप दिसला असता त्याच्यात. असं मी तेव्हा मनाला सांगितलं. खरं म्हणजे मला वाटलं, सांगायचं त्यानं, मी का सांगू.

रक्ताचा रिपोर्ट आला. किडनीचं काम ज्या आकड्यावरून बघतात, ते क्रिएटिनिन, एक पॉइंट पाच. देणाऱ्या माणसाचं एवढं असून चालत न्हाई, असं मॅडम म्हणाल्या. पण घाबरू नका, पंधरा दिवसांनी परत रक्त बघू, मग पुढच्या तपासण्या करू, आत्ताच काही ठरवायला नको, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. त्यांचं बोलणं धड कुणी ऐकलंच न्हाई. आनंदराजचं तोंड पांढरं पडलं होतं. गल्लीतले भाचे आणि मेव्हणे त्याच्या डोळ्यांसमोर उभे राहिले असतील. मला बी तेच वाटलं, घे, खाल्ली पावडरीनं किडनी. राग आला त्याचा. इतका आला की महिनाभर मी त्याच्याशी धड बोलले न्हाई. त्याला वाटलं, मी मायच्या काळजीत हाय.

पंधरा दिवसांनी तो गेलाच न्हाई. दवाखान्यातून दोनदा फोन आला. जाऊन काय करू, गेलेली किडनी पंधरा दिवसांत उगवून येणार हाय का, असं म्हणून त्यानं विषय तोडला. मायनं तर साफ बजावलं, त्याला पुन्हा सुई लावायची न्हाई, माझी गेली ती गेली, ह्याची तेवढी नीट ठेवा. मरणाऱ्याची किडनी मिळते, त्या यादीत तिचं नाव घातलं. दहा महिने ती मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला गेली. एका मंगळवारी मशीनवरच तिचं बीपी खाली गेलं आणि परत वर आलं न्हाई.

मायच्या नावानं विहारात पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, मी दुसऱ्या दिवशी शाळेत हजर. चौथीला भागाकार शिकवला. बाकी उरली की खाली लिहायची, असं सांगितलं. पोरं नेहमीसारखी चुकली आणि मी नेहमीसारखी ओरडले. आत काही म्हणजे काही हललं न्हाई. लोक म्हणाले, बाई खंबीर हाय. खंबीर कसली, बधिर झाले होते. अजून तशीच हाय.

आनंदराजनं जिम सोडली. स्वतःला पेशंट समजून अळणी खाऊन राहिला होता. दंड उतरले, शर्ट खांद्यावरून लोंबायला लागले. पावडर तर त्यानं रिपोर्टच्या दिवशीच फेकली होती, हे मला नंतर कळलं. वर्षभर तो असेच दिवस काढत होता. मग लातूरच्या एका पोलीस भरतीच्या क्लासमध्ये मैदानावर धावणं, गोळाफेक शिकवायचं काम मिळत होतं. त्यांना तब्येतीचा दाखला पायजे होता. एकटा जायला तयार न्हाई म्हणून मी रजा टाकून एसटीनं त्याच्यासोबत लातूरला गेले.

तिथल्या डॉक्टरांनी रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं केलं. क्रिएटिनिन एक पॉइंट एक. किडन्या दोन्ही ठणठणीत. आनंदराजला पटेना. त्यानं पाकिटातून जुना रिपोर्ट काढून दाखवला. डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा काय घेत होतात. आता ऐकायला माय नव्हती. पहिल्यांदा त्यानं खरं सांगितलं, दीड-दोन वर्षं रोज एक चमचा क्रिएटिन.

डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलं. ही पावडर अंगात गेली की तिच्यापासूनच तो पदार्थ तयार होतो जो रक्तात मोजतात. त्यात कसलेलं शरीर. आकडा वाढतो, किडनी बिघडलेली नसते. निरोग्या माणसानं बेतानं घेतली तर तिनं किडनी गेल्याचं दिसत न्हाई. ज्याची किडनी आधीच दुखावलेली हाय त्यानं मात्र विचारल्याशिवाय हात लावायचा न्हाई. आणि तपासणीच्या आधी डॉक्टरला सांगायचं, एवढं पथ्य. सांगितलं की काही दिवस बंद करून परत रक्त बघतात, नाहीतर दुसरी तपासणी करतात.

आनंदराज कागदाकडं बघत होता. मग त्यानं विचारलं, "मग तवा माझी किडनी चालली असती?"

"पुढच्या तपासण्या झालेल्या नव्हत्या, त्यामुळं छातीठोक सांगता येणार न्हाई," डॉक्टर म्हणाले. "पण किडनी तुमची चांगली होती. कुणाला द्यायची होती?"

"आमच्या मायला," मी म्हणाले.

स्टँडवर नांदेडची गाडी लागायची होती. बाकड्यावर आम्ही बसलो. मी पाण्याची बाटली घेतली, त्याला दिली, तो प्यायला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "अक्का, मायपुढं बोलायची हिंमत झाली न्हाई ते एक. पण तुझ्यापासून बी लपवलं मी. तुला तरी सांगायला पायजे होतं. तू बोलली असतीस मॅडमला."

मी म्हणाले, "हाव. बोलले असते."

त्यानं माझा हात धरला आणि माफी मागितली. मी त्याला माफ केलं.