जाड मुठीचं पिस्तूल

त्याच्या लेनसमोर पाहुणे रांग लावायचे आणि माझ्या पोटात दुखायचं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

दुबईबाहेर वाळूत बांधलेल्या एका शूटिंग क्लबमध्ये मी इन्स्ट्रक्टर आहे. लोक हौसेनं येतात, पन्नासेक गोळ्या झाडतात, फोटो काढून जातात. त्याआधी बावीस वर्षं फौजेत काढली, त्यातली नऊ जवानांना हत्यार शिकवण्यात. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. तेच नाव क्लबातही चिकटलं. आणि ज्याच्यासाठी पाहुणे रांग लावायचे तो श्रीवर्धनचा तिशीतला गडी आधी रिसेप्शनवर बुकिंग घ्यायचा. परेड ग्राउंडचं तोंडही न पाहिलेला माणूस. त्याला पिस्तूल धरायला मीच शिकवलं. दोन वर्षांत पाहुणे फोनवर विचारायला लागले, "तो हसरा इन्स्ट्रक्टर आहे का आज?" हसरा! मग मी काय रडका होतो?

तशात हेड इन्स्ट्रक्टरची जागा रिकामी झाली. उमेदवार आम्ही दोघंच. त्या जागेच्या पगारावर फॅमिली व्हिसा बसत होता. बायको अकरा वर्षं चंदगडला एकटी, मी जबल अलीच्या स्टाफ क्वार्टरमध्ये चौघांतला एक. तिला फोनवर सांगितलं, तर तिनं एवढंच विचारलं, "माळ्यावरची बॅग काढून ठेवू?"

"काढ," मी म्हटलं. मला खात्रीच होती.

मॅनेजर इजिप्तचा, हिंदी इथंच शिकलेला. पोलीस कमरेला लावतात तसली पूर्ण आकाराची दोन नवी पिस्तुलं त्याला क्लबसाठी घ्यायची होती. "उस्ताद, तुम आर्मी का आदमी. यू चूज. एक मॉडेल, दो पीस. मंथ-एंड को हेड का टेस्ट, उसी पे. खलास."

सप्लायरनं टेबलावर तीन नमुने मांडले. दोन नाइन एमएमची, एक फॉर्टीचं, म्हणजे जास्त जाड गोळीचं. नाइन सगळं जग वापरतं. गोळ्या कुठंही मिळतात, धक्का बेताचा. फॉर्टीला गिऱ्हाईक कमी, धक्का सणसणीत, आणि त्या मॉडेलची मूठ चांगलीच जाड. माझ्या पंजात ती बरोबर बसली. श्रीवर्धनकराचे हात लहान. त्यानं फॉर्टी उचललं तेव्हा बोट ट्रिगरला जेमतेम टेकलं. त्यानं ते गुपचूप खाली ठेवलं, नाइन हातात घेतलं आणि म्हणाला, "हे बरं वाटतं, उस्ताद."

तिथंच माझं ठरलं. फॉर्टीच.

मॅनेजरला मी सांगितलं, "सर, नाइन तो सब के पास है. सीरियस गेस्ट को कुछ अलग चाहिए." यात थोडं खरंही होतं, त्यामुळे बोलताना जीभ अडखळली नाही. मॅनेजर खूश झाला. माझा पाठीराखा असल्यासारखा सप्लायरही मान डोलवत होता. मी बाहेर येऊन दोन कप सुलेमानी चहा प्यालो. इतका गोड चहा मी आयुष्यात प्यालो नव्हतो.

मग गोळ्या येईनात. फॉर्टीच्या गोळ्यांच्या पेट्या सप्लायरकडेच अडकल्या, ज्या थोड्या गोळ्या आल्या त्या पाहुण्यांसाठी ठेवल्या. स्टाफला टेस्टपर्यंत मिळून प्रत्येकी वीस. मला काय फरक पडतो, असं मी मनाशी म्हटलं. पहिल्या पाच झाडल्या. सगळ्या खाली डावीकडे! धक्का यायच्या आधीच माझा हात त्याला घाबरून नळी खाली दाबत होता. ज्या चुकीसाठी मी शेकडो रंगरुटांना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, ती चूक माझ्याच मनगटात येऊन बसली होती.

एका सकाळी क्लब उघडण्याआधी मी हत्यारं साफ करायच्या खोलीत गेलो. तो तिथं भिंतीकडे तोंड करून उभा होता. पिस्तूल रिकामं, मॅगझिन बाहेर काढून टेबलावर. नळीच्या टोकावर एक दिरहमचं नाणं ठेवायचं आणि ते न पाडता ट्रिगर दाबायचा. गोळ्या न जाळता सराव करायची ही युक्तीही माझीच. दर वेळी नाणं टणकन खाली पडत होतं. मी दारात उभा राहून मनातल्या मनात ते पडणं मोजत होतो, खोटं कशाला बोलू.

"उस्ताद, काय चुकतं सांगा ना. बोटच पोचत नाय."

सांगायचं नव्हतं. चहाला जायचं होतं. पण समोर कुणी चुकीची पकड धरली की मला ते बघवत नाही. हा रोग फौजेतला. माझा हात आपसूक पुढे गेला. मूठ त्याच्या पंजात थोडी फिरवली, अंगठा पुढे सरकवला. "डावा हात काय शोभेला ठेवलाय? त्यानं आवळ. उजव्यानं नुसतं धर." त्यानं ट्रिगर दाबला. नाणं जागचं हललं नाही. आम्ही दोघंही त्या नाण्याकडे बघत राहिलो.

तो रोज तासभर नाणं ठेवून उभा राहायचा. मी एकदाही राहिलो नाही. या वयात, त्याच्यादेखत, नाणं ठेवून? नाकानं कांदे सोलायची सवय जात नाही माणसाची.

टेस्टला दहा दहा गोळ्या होत्या, गुण शंभरपैकी. त्याचे चौऱ्याण्णव, माझे एक्याऐंशी. माझ्या सहा गोळ्या खाली डावीकडे गेल्या होत्या, जणू तिथं कुणी बोलावलं होतं त्यांना.

"मबरूक, हबीबी," म्हणत मॅनेजरनं त्याला मिठी मारली. तो मिठीतून सुटला तो थेट माझ्याकडे आला, टार्गेटचा कागद दोन्ही हातांनी धरून. गोळ्यांची सगळी भोकं चहाच्या बशीत मावतील एवढ्यात होती. "उस्ताद, पकड तुमचीच," तो म्हणाला. मनापासून म्हणाला. मिरवला असता तर बरं झालं असतं, मला त्याचा राग तरी करता आला असता. माझी पकड माझ्या हातात कधी इतकी चालली नव्हती, आणि त्याच्या हातात ती बघून मी आणखीच जळलो.

दुपारी कंपनीच्या बसमधून घरी फोन लावला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला.

"झालं?"

"नाही. नवंच पिस्तूल होतं. हाताला बसलं नाही."

ती एकदम भडकली. "बावीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला असलं भलतंच पिस्तूल देतात? कुणी निवडलं ते? हात झडोत मेल्याचे!"

मी मांडीवरच्या माझ्या हाताकडे बघितलं.

"होता एक जळकुकडा," मी म्हटलं. "बॅग ठेव परत माळ्यावर."