चाचांचा वापसा

आमच्या शेजारच्या चाचांइतका आज्ञाधारक माणूस अख्ख्या लोहारा तालुक्यात मी पाहिला नाही. सल्ला कुणाचाही असो, चाचा तो पाळतात. दोन सल्ले एकमेकांच्या उलट असले, तर दोन्ही पाळतात. आयुष्य कारकुनीत गेलं, वरून कागद आला की अंमल करायचा एवढंच ठाऊक. ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी चाचींचे गुडघे गेले. माकणीच्या शेतात जाणं बंद झालं. परसातल्या कडुलिंबाखाली बाज टाकून त्या पडून असत. एकदा म्हणाल्या, "शेत न्हाय तर न्हाय, बाजेवरून चार हिरवी पानं तरी दिसावीत." चाचा लगेच उठले.

घोळ तिथून सुरू झाला. परसातली माती काळी, चिकण, त्यात दिवसभर सावली. कुणीतरी सांगितलं, वाळू घाला. चाचांनी चार पाट्या घातल्या आणि माती अशी आवळली, की कुदळ टणकन परत यायची. दुसरा म्हणाला, वापसा बघून खणा. वापसा म्हणजे पावसाची ओल उतरून माती चिकटही नाही आणि कडकही नाही, अशी वेळ. ती बघायला चाचा गेले कुठं, तर रस्त्यापलीकडच्या उन्हातल्या शेतात! तिथं वापसा आलेला पाहून घरी आले आणि सावलीतला चिखल खणला. मीही खुरपं घेऊन मागं उभा. मला वाटत होतं, यांना कळत असेल. त्यांना वाटत होतं, मला. आठवड्यात ढेकळांचे दगड झाले. चाचा एकेक ढेकूळ उचलून निरखून बघायचे. "काळी माती म्हंजे सोनं म्हंतेत ना? मग ह्ये काय?" आता मी काय सांगणार, कपाळ!

बरं, रोज सकाळी लिंबाचा पाला झाडून पेटवायचा नेम मात्र चुकत नव्हता. पुढं त्यांची पाठ धरली आणि खणणं-झाडणं दोन्ही थांबलं. पाला साचला. चाचींच्या सांगण्यावरून मी त्यावर पाटीभर शेणखत टाकलं. वर्षभरात सगळं कुजलं, ढेकळं विरली, गांडुळं दिसू लागली. मिरगाला चाचींनी फडक्यात बांधलेले हळदीचे गड्डे माझ्या हाती दिले. महिन्याभरात रुंद, पोपटी पानं वर आली.

चाचा चाचींकडं बघतच राहिले. "तुला समदं ठावं होतं? मग सांगितलं का न्हाय?"

चाची माझ्याकडं बघून बोलल्या. "नोकरीत व्हते तवा ह्यांचं तोंड जेवतानाच दिसायचं. माती बिघडली तवापासून दिसभर माझ्या बाजेपाशी व्हते. लौकर सांगितलं असतं, तर गेले असते हाटेलात चहा प्यायला."

चाचांच्या हातात खुरपं होतं, ते कुठं ठेवावं हे त्यांना कळेना. शेवटी ते तसंच धरून बाजेच्या कडेला टेकले. मी घरी आलो. मला फार बरं वाटत होतं, आणि का कोण जाणे, थोडं रडूही येत होतं.